एकाच नीलिक्ससाठी एकदा नकार, एकदा होकार: कॅप्टन जेनवे नक्की कोण?

ऐरोली_सेक्टर_८

धाग्यात भरपूर रसभंग आहे. 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' (कॅप्टन जेनवेचं जहाज घरापासून फार लांब अंतराळात अडकतं, ती मालिका) पाहायची राहिली असेल तर इथूनच मागे फिरा. मालिका १९९५ ते २००१ मधली आहे, त्यामुळे मला फार अपराधी वाटत नाहीये.

आधी घरची परिस्थिती सांगतो, त्याशिवाय प्रश्न कळायचा नाही. दादा-वहिनी ठाण्याला पाचपाखाडीत, मी ऐरोलीत. शनिवारी संध्याकाळी ट्रान्स-हार्बर पकडून मी त्यांच्याकडे जातो, जेवतो, आणि मग दादाने कधीकाळी जमवलेल्या डीव्हीडींमधले दोन भाग आम्ही बघतो. दादाची आणि माझी सगळी मालिका दोनदा बघून झालेली आहे. वहिनीची पहिलीच वेळ. सुरुवातीला ती समोर नुसती मेथी निवडत बसायची, मान वर करायची नाही. वहिनी एका हॉस्पिटलात डायलिसिस विभागात सिस्टर आहे. चार-चार तास यंत्राला जोडलेली माणसं सांभाळून आल्यावर हिला रबरी कपाळाचे परग्रहवासी कशाला बघायचे असतील, असं मला वाटायचं. पण दुसऱ्या सीझनपर्यंत मेथी सुटली आणि वहिनी लागली.

गेल्या शनिवारी 'ट्युविक्स' लावला. (६ मे १९९६ ला पहिल्यांदा दाखवला गेलेला.) ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: जहाजाचा सुरक्षा अधिकारी ट्युवॉक आणि स्वयंपाकी नीलिक्स एका ग्रहावरून फुलं घेऊन ट्रान्सपोर्टरने (माणसाला क्षणात इकडून तिकडे पोचवणारं यंत्र) परत येतात आणि त्या वनस्पतीच्या गुणामुळे दोघांचा मिळून एकच माणूस तयार होतो. तो ट्युविक्स. ट्युवॉकचं डोकं, नीलिक्सचा हात. स्वयंपाकही करतो, टॅक्टिकलचं, म्हणजे जहाजाच्या संरक्षणाचं कामही बघतो. अंगावरचा गणवेशसुद्धा अर्धा स्टारफ्लीटचा (जेनवे ज्या दलात आहे ते) आणि अर्धा नीलिक्सच्या त्या पडद्याच्या कापडाचा. दोनेक आठवडे जातात, सगळ्यांना तो आवडायला लागतो. मग डॉक्टर दोघांना वेगळं करायचा उपाय शोधून काढतो. ट्युविक्स म्हणतो, मला जगायचंय. जेनवे म्हणते, नाही. तो ब्रिजवर, म्हणजे जहाजाच्या नियंत्रण कक्षात, उभा राहून एकेकाच्या तोंडाकडे बघत विनवण्या करतो, कोणी जागचं हलत नाही. डॉक्टर हात वर करतो, माणसाच्या इच्छेविरुद्ध त्याचा जीव मी घेणार नाही. तेव्हा जेनवे स्वतःच्या हाताने ते काम करते. ट्युवॉक-नीलिक्स परत. ती दोन शब्द बोलते आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये निघून जाते. भाग संपला.

दादा चहा टाकायला उठला. मी वहिनीकडे बघतोय, ही रडणार की काय. ती म्हणाली, "भाऊजी, आणि ते फुप्फुसं चोरली होती तेव्हा?"

मला दोन मिनिटं लागली. पहिल्या सीझनमधला 'फेज', ६ फेब्रुवारी १९९५. विडियन नावाची जमात शरीर सडवणाऱ्या रोगाने ग्रासलेली, दुसऱ्यांचे अवयव काढून जगणारी. ते नीलिक्सची दोन्ही फुप्फुसं काढून नेतात. जेनवे पाठलाग करून दोघांना पकडते, पण तोपर्यंत फुप्फुसं त्यातल्या एकाच्या छातीत बसवून झालेली. परत काढायची तर तो मरणार. नीलिक्स तिकडे होलोग्रामच्या फुप्फुसांवर जखडून पडलेला, इंचभर हलायची सोय नाही. आणि जेनवे त्या चोराला तोंडावर सांगते की दुसऱ्याला वाचवायला तुला मारण्याची मुभा मला नाही, आमच्यात ते बसत नाही. सोडून देते त्यांना. पुन्हा दिसलात तर खैर नाही, एवढा दम देऊन.

तोच नीलिक्स. तीच बाई. मध्ये जेमतेम सव्वा वर्ष. चोराला मारायची मुभा नाही, आणि ज्याने कोणाचं काही चोरलं नाही, फक्त जन्माला आला, त्याला मारायची आहे?

दादाचं म्हणणं, यात विचार करण्यासारखं काही नाही. वर्षाला २६ भाग पाडायचे, लिहिणारे वेगवेगळे, यांना कुठलं आठवतंय. वहिनीचं म्हणणं, लिहिणाऱ्यांचं मला सांगू नका, मी तिच्याबद्दल विचारतेय. माझं म्हणणं अजून ठरत नाहीये, म्हणून धागा. हा लेखनातला दोष आहे की बाईचा स्वभावच असा आहे? नुसतं 'भारी भाग' किंवा 'जेनवे खुनी' नको, ते इंग्रजी साइटींवर पंचवीसेक वर्षं चालू आहे. भाग आणि प्रसंग सांगा.

एक विनंती: तिसऱ्या सीझनच्या पुढचं काही असेल तर लिहा बिनधास्त, मी वहिनीला गाळून वाचून दाखवेन.

---

कोपरीकर

एवढं काय त्यात. एक गेला, दोन आले. वाण्याच्या हिशोबाने बरोबर आहे. आणि 'फेज'मध्ये एक मारून एकच वाचणार होता, म्हणजे ना नफा ना तोटा, कशाला हात खराब करा. दोन्ही वेळेला बाई एकच गणित करतेय. विसंगती कुठेय?

---

ऐरोली_सेक्टर_८

कोपरीकर, हसलो. पण तुमचा प्रतिसाद वहिनीला फोनवर वाचून दाखवला, तिचं उत्तर जसंच्या तसं: "मग आमच्या वॉर्डात एखादा धडधाकट नातेवाईक धरते. त्याच्या दोन मूत्रपिंडांत दोघांचं डायलिसिस कायमचं सुटेल. एक गेला, दोन आले. विचारा त्यांना, येतायत का उद्या."

---

कोपरीकर

उद्या जरा काम आहे.

---

घोडबंदरची_संवादवाली

मी पोटासाठी हेच करते, म्हणून लिहिते. मराठी मालिकेचे संवाद. मालिकेचं नाव विचारू नका, चॅनेलचंही नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं की एक लेखक असतो आणि त्याच्या डोक्यात सगळी पात्रं नांदत असतात. आमच्याकडे कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. टायटल्समध्ये वेगवेगळी नावं येतात ती उगाच नाहीत. कथेची वनलाईन चॅनेलकडून मंजूर होऊन येते, पटकथावाला सीन पाडतो, आणि मी त्यात तोंडं उघडते. भागांची बँक (आधीच तयार भागांचा साठा) असेल तेव्हा ठीक. बँक संपली की सकाळी लिहिलेलं दुपारी शूट होतं, आणि मी माजिवड्याच्या पुलाखाली रिक्षात अडकून मोबाईलवर सीन टाईप करत असते. अशा वेळी चाळीस भागांपूर्वी हे पात्र काय म्हणालं होतं, ते कोण बघणार?

सेटवर कंटिन्युइटी बघायला माणूस असतो. पण ती कंटिन्युइटी कशाची? टिकली कुठली होती, पदर कुठल्या खांद्यावर, कप अर्धा होता की भरलेला. आमची मुलगी प्रत्येक शॉटनंतर फोटो काढून ठेवते. चूक झाली तर तिला बोलणी बसतात. माणसाने शपथ काय घेतली होती याचे फोटो निघत नाहीत आणि त्यासाठी कोणी पगारही देत नाही.

'फेज'ची पटकथा स्काय डेंट आणि ब्रॅनन ब्रागा यांची, कथा टिमथी डीहास यांची. 'ट्युविक्स'ची पटकथा केनेथ बिलर यांची आणि कथा आणखी दोघांची. म्हणजे तुमच्या दादांचा मुद्दा खोटा नाही. फरक एवढाच की अमेरिकेत हे लोक एका खोलीत बसून चर्चा करतात, वर निर्माते असतात, त्यामुळे 'कोणाला आठवलंच नाही' हे मला अर्धवटच पटतं. आठवलं असणार. पण त्या भागाला तेव्हा ते सोयीचं नसणार.

आता माझीच फजिती. आमच्या मालिकेत एक आजी आहे. लेकीच्या सासरी अपमान झाला म्हणून तिने या घरात पाणीसुद्धा पिणार नाही असं सांगितलेलं. जोरदार सीन होता, प्रोमो त्याचाच. पुढे तीन-चार महिन्यांनी त्याच घरात डोहाळजेवण, आणि मी आजीच्या तोंडी घातलं, 'सोलकढी छान झालीये गं, अजून वाढ.' मला पत्ता नाही. पटकथावाल्याला नाही. दिग्दर्शक बदललेला. ईपीने (कार्यकारी निर्मात्याने) वाचून मंजूर केलेलं. सेटवर बाईंनी कागद हातात घेतला आणि म्हणाल्या, "अहो, मी इथे पाणी पीत नाही ना?"

सगळे गप्प. लाईट लागलेले, बारा बायका नऊवारी नेसून बसलेल्या, सीन रद्द करणं शक्य नाही. मग बाईंनीच सुचवलं. संवाद नको. सून वाटी पुढे करते, आजी घेते, ओठापर्यंत नेते, थांबते आणि खाली ठेवते. सून वाटीकडे बघते. कट. वर्षभरात मी लिहिलेला सगळ्यात चांगला सीन तो, आणि तो मी लिहिलेलाच नाही.

म्हणून मला 'ट्युविक्स'मध्ये जेनवेचा निर्णय खटकत नाही. माणसं घेतात असे निर्णय. मला हवी होती ती वाटी. तिचा उपकप्तान चाकोटे तिच्याशी बोलतोय त्या सीनमध्ये त्याने नुसतं 'विडियन' म्हटलं असतं आणि ती एक क्षण गप्प बसली असती, तर तुमची वहिनी चहा येईपर्यंत थांबली असती.

---

तळ्याकाठचा

मी जुना माणूस. आम्ही स्टार ट्रेक पाहिली ती दूरदर्शनवर, ऐंशीच्या दशकात, रविवारी सकाळी. नौपाड्यात वाड्यात एकच टीव्ही, त्यासमोर पंधरा मुलं, आणि अँटेना धरायला गच्चीवर एक. बहुतेक वेळा मी. त्यामुळे कॅप्टन कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक यांचे कितीतरी भाग मी फक्त ऐकलेत.

संवादवाल्या ताईंनी लिहिलंय त्यावरून एक जुनी गोष्ट आठवली. मूळ मालिकेतला 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर', ६ एप्रिल १९६७. कर्क काळात मागे जाऊन १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये पोचतो, गोरगरिबांना जेवू घालणाऱ्या एडिथ कीलरच्या प्रेमात पडतो, आणि कळतं की ती अपघातात मेली नाही तर पुढचा सगळा इतिहास बिघडतो. गाडी येते. जहाजाचा डॉक्टर मॅकॉय तिला वाचवायला झेप घेतो आणि कर्क त्याला घट्ट धरून ठेवतो. तिचा आवाज ऐकू येतो. कर्कचा चेहरा दिसतो.

पण हार्लन एलिसन यांनी लिहिलेल्या मूळ संहितेत कर्कला ते जमत नाही. तिला मरू द्यायची वेळ येते तेव्हा तो कोलमडतो आणि जे करायचं ते स्पॉकला करावं लागतं. ते बदललं गेलं. मालिकेचा कॅप्टन असा ढेपाळणारा नाही, हे मालिकावाल्यांचं म्हणणं. एलिसन यांचा राग पुढे जन्मभर गेला नाही. गंमत अशी की प्रक्षेपित भागाला १९६८ चं ह्यूगो मिळालं आणि एलिसन यांच्या मूळ संहितेला लेखक संघटनेचं बक्षीस. दोन्ही कर्क जिंकले.

मला विचाराल तर एलिसन यांचा कर्क जास्त माणूस आहे आणि टीव्हीवरचा कर्क जास्त कर्क आहे. 'पात्र सुसंगत ठेवा' म्हणताना आपण यातलं नेमकं कुठलं मागतो ते आधी ठरवा.

बाकी, तळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी कोणी हा धागा वाचत असेल तर मला ओळख दाखवू नये. तिथे मी फक्त क्रिकेटवर बोलतो.

---

डेल्टा_क्वाड्रंट_वाशी

आता जरा भाग-प्रसंग बोलू, धागाकर्त्याने मागितलेच आहेत. माझं मत: जेनवे पूर्ण सुसंगत आहे, तुम्ही चुकीच्या जागी सूत्र शोधताय. 'जीव घेऊ नये' हे तिचं सूत्र नाहीच. 'माझ्यासोबत निघालेला प्रत्येक जण घरी पोचेल' हे आहे.

मुळात ती लोकं तिथे अडकली कोणामुळे? पहिल्याच भागात तिने ओकांपा नावाच्या जमातीला वाचवायला, घरी परत नेऊ शकणारं अ‍ॅरे नावाचं यंत्र उडवलं. घर सत्तर हजार प्रकाशवर्षं लांब, पोचायला सत्तरेक वर्षं. हा निर्णय तिचा एकटीचा, आणि भोगतायत दीडशे जण. त्या दिवसापासून ही बाई देणेकरी आहे. पुढचं सगळं त्या कर्जातून बघा.

'द गिफ्ट' (१९९७) मध्ये बोर्गमधून (माणसांना यंत्रात मिसळून टाकणारा समूह) सोडवलेली सेव्हन ओरडून सांगते, मला बोर्गमध्ये परत पाठवा. जेनवे म्हणते, तुला काय हवं ते ठरवायच्या अवस्थेत तू नाहीस. 'नथिंग ह्यूमन' (१९९८) मध्ये जहाजाची इंजिनियर बेलाना, तिच्या अंगाला एक परग्रही जीव चिकटतो. बजोरी लोकांवर प्रयोग केलेल्या कार्डॅसियन डॉक्टरच्या ज्ञानावर मला जगायचं नाही, असं ती स्पष्ट सांगते. जेनवे उपचार करवते. बेलाना नंतर चिडते, तर म्हणते, चीड. म्हणजे नकार तुडवून जीव वाचवणं ही या बाईची जुनी सवय आहे. 'ट्युविक्स'मध्ये तिच्या लेखी तिने मारलं कोणालाच नाही. दोन बेशुद्ध माणसं होती, त्यांच्या वतीने ती बोलली. तसं ती त्याला म्हणतेसुद्धा, की जे स्वतः बोलू शकत नाहीत त्यांची बाजू मला घ्यायला हवी.

आणि 'इक्विनॉक्स'चा दुसरा भाग (१९९९) बघा. तोंड उघडत नाही म्हणून 'इक्विनॉक्स' या दुसऱ्या जहाजावरच्या लेसिंगला कोंडून संरक्षण काढून घेते, परग्रही जीव त्याला मारतील याची पूर्ण कल्पना असून. चाकोटे मध्ये पडला नसता तर तो गेलाच होता. वर चाकोटेलाच कामावरून दूर करते. लेसिंग स्टारफ्लीटचा होता, पण तिच्या जहाजावरचा नव्हता. लक्षात येतंय का? 'फेज'मधल्या विडियनला सोडणारी बाई इथे कुठेच नाही. मग 'फेज'च अपवाद. पहिला सीझन, पाचवा भाग, अजून पात्र मुरलं नव्हतं. मुळात या भूमिकेत आधी जेनेव्हिएव्ह बुजोल्ड होत्या, दोनेक दिवस चित्रीकरण करून त्यांनी सोडली आणि मग केट मलग्रू आल्या. इतक्या घाईत उभं राहिलेलं पात्र पाचव्या भागात पुस्तकातलं वाक्य बोलणारच.

शेवटच्या भागात (२००१) तर म्हातारी जेनवे घडून गेलेला इतिहास मोडते, कशासाठी? आपली माणसं वाचावी म्हणून. एकच बाई आहे ही. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

---

घोडबंदरची_संवादवाली

वाशीकर, वाचायला छान वाटलं, पण ट्युविक्स तिच्या जहाजावरचा नव्हता का? तिनेच त्याला काम दिलं, हुद्दा दिला, ब्रिजवर उभं केलं. दोन आठवडे तो 'माझी माणसं' या यादीत होता. तुमच्या सूत्रानेच तो बसतो की.

आणि तुम्ही करताय ते आम्ही पत्रकार परिषदेत करतो. मालिका संपली की मागे वळून सगळ्या चुकांमधून एक 'प्रवास' काढायचा. :)

---

डेल्टा_क्वाड्रंट_वाशी

हुद्द्याचा मुद्दा मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, रात्रभर विचार केला. 'प्रवास' मान्य नाही.

---

ऐरोली_सेक्टर_८

सगळ्यांचे आभार. कालच्या शनिवारी आम्ही पुढचा भाग न लावता 'फेज' पुन्हा लावला, आणि लगेच 'ट्युविक्स'ची शेवटची दहा मिनिटं. वहिनीला तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. वाशीकर, तुमच्या प्रतिसादातलं अर्ध्याहून जास्त गाळावं लागलं, दादा हसत होता, तिला संशय आलाय.

सोलकढीच्या वाटीवर ती खूश आहे. ती मालिका कुठली हे तिने ओळखलं असं तिचं म्हणणं आहे, पण नाव इथे लिहीत नाही.

पुन्हा पाहताना एक गोष्ट हाती लागली जी आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आली नव्हती. आम्ही सगळे जेनवे-जेनवे करत बसलो, वहिनी बघत होती केसकडे, म्हणजे नीलिक्सच्या मैत्रिणीकडे. 'फेज'मध्ये नीलिक्स वाचतो कसा? सोडून दिलेले तेच विडियन मदतीला तयार होतात आणि केस स्वतःचं एक फुप्फुस देते. म्हणजे तिथे भरपाई झाली ती केसच्या अंगातून. जेनवेला फक्त तत्त्व पाळावं लागलं, किंमत दुसऱ्या मुलीने मोजली. आणि 'ट्युविक्स'मध्ये तीच केस. ट्युविक्स तिच्याकडे जातो, माझ्यासाठी कॅप्टनशी बोल म्हणून. ती जाते, आणि रडत रडत सांगते की मला हे म्हणायला नको, पण मला नीलिक्स परत हवाय.

वहिनीने तिथे थांबवायला लावलं. चित्र गोठलेलं, केसचा ओला चेहरा, जेनवेची पाठ. वहिनी म्हणाली, आमच्याकडे जिवंत दाता असला की त्याला एकट्याला बसवून विचारतात. नवरा बाहेर, सासू बाहेर, भाऊ बाहेर. तुम्हाला कोणी भरीला घातलंय का, मनापासून देताय का. १९९४ चा कायदाच आहे अवयव प्रत्यारोपणाचा, समिती बसते, कागद होतात. तरी कधीकधी आत गेलेली बाई बाहेर येताना आधी दाराकडे बघते, तिथे कोण उभं आहे ते. मग हसते. "आम्हाला कळतं," वहिनी म्हणाली. "पण कागदावर सही असते."

मी म्हटलं, मग इथे तर सहीसुद्धा नव्हती, तो चक्क नाही म्हणत होता.

"हो ना. म्हणून तर ती केसकडून ऐकून घेते. कोणीतरी रडून मागितलं की हात चालतो."

दादा म्हणाला, म्हणजे तुझ्या मते पात्र बरोबर लिहिलंय? तर नाही. तिचा राग गेलेला नाही. तिचं म्हणणं, बदलू दे की, माणूस बदलतो, पण बदलताना अडखळतो, आधीचं आपलंच बोलणं त्याच्या आड येतं. ही अडखळली नाही. मी कॉरिडॉर दाखवला. दारातून बाहेर येते, सरळ चालते, मग तो चेहरा. एक शब्द नाही. वहिनीने तो तीनदा बघितला. मग म्हणाली, अडखळली खरी, पण दार बंद झाल्यावर. आत ज्यांच्यासमोर अडखळायला हवं होतं त्यांना काय कळलं? ट्युवॉकला उद्या सकाळी कामावर यायचंय, त्याला कोणी सांगणार आहे का की तुझ्यासाठी काय झालं? मला 'नाही' म्हणावं लागलं. पुढे त्या भागाचा विषय कोणी नीट काढतच नाही, हे आम्हा दोघांना माहीत आहे. ती म्हणाली, मग हाच तो दोष, आणि उठून कुकर लावला.

(दादाने तेवढ्यात 'लोअर डेक्स'चं काढलं. २०२३ च्या सप्टेंबरात त्या कार्टून मालिकेने 'टूव्हिक्स' नावाचा भाग केला. त्यातल्या कॅप्टनवर तीच वेळ येते, ती व्हॉयेजरच्या नोंदी काढून जेनवेने काय केलं होतं ते बघते, आणि हादरते. सत्तावीस वर्षांनी, दुसऱ्या मालिकेत, विनोदी भागात का होईना, वाटी खाली ठेवली कोणीतरी.)

---

कोपरीकर

कुकरमध्ये काय होतं?

---

ऐरोली_सेक्टर_८

वरण-भात. भूक लागली होती सगळ्यांना, वाद साडेदहापर्यंत चालला. शेवटची ऐरोलीची गाडी सुटू नये म्हणून मी ताट तसंच टाकून पळालो, त्यावरून आज फोनवर बोलणी खाल्ली.

---

तळ्याकाठचा

तुमच्या वहिनींना माझा नमस्कार सांगा. आणि वाशीकरांनी 'लेटन्ट इमेज'चं नाव कसं काय घेतलं नाही? १९९९ चा, पाचव्या सीझनमधला. डॉक्टरवर आहे. अर्थातच मी जास्त बोलत नाही, पण सिस्टर असलेल्या बाईने तो बघायलाच हवा. आणि जेनवेही आहे त्यात.

---

डेल्टा_क्वाड्रंट_वाशी

घेणार होतो. मग माझ्याच सूत्राला तो भाग कसा बसवायचा ते कळेना, म्हणून खोडलं.

---

ऐरोली_सेक्टर_८

दादाशी बोललो. क्रम मोडून पुढच्या खेपेला 'लेटन्ट इमेज'च लावतोय. फक्त या शनिवारी वहिनीची रात्रपाळी आहे, म्हणून रविवारी दुपारी. तिला इथला दुवा सापडलाय असं वाटतं, कारण सकाळी तिचा मेसेज आला: "भाऊजी, इक्विनॉक्स म्हणजे काय हो?" तर कृपा करून रविवार संध्याकाळपर्यंत कोणी काही लिहू नका.